बटणांच्या डब्यातलं घड्याळ

रविवारी दुपारी मंडळी यायची होती, आणि चिमणच्या जिवाला सकाळपासून स्वस्थता नव्हती.

चिमण हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आता पंचावन्नी उलटली, डोक्यावरचे केस विरळ झाले, चष्म्यांचं स्वतःचं दुकान आहे, गिऱ्हाइकं साहेब म्हणतात. पण वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा हा दुधाचे दात पडायच्या वयाचा, हडकुळा, दिसेल ते टिपत फिरणारा पोर होता. तिनं त्याला चिमण म्हणायला सुरुवात केली ती आजतागायत. आईविना पोर, तिच्याच हातचं खाऊन वाढलेलं. त्याला तिनं कधी 'भाऊजी' म्हटलं नाही आणि त्यानंही तिला कधी 'अहो' केलं नाही.

"हे बघ," त्यानं बायकोला स्वयंपाकघरात गाठून हलक्या आवाजात म्हटलं, "मंडळी असेपर्यंत वहिनी बाहेर आली नाही तर बरं. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. धूळ, गडबड..."

बायको कप पुसत होती. "धूळ? तुमची ती मंडळी धूळ घेऊन येतात होय? मला तर वाटायचं, ती घड्याळावर श्वाससुद्धा सोडत नाहीत."

"चेष्टा नको गं."

"मग सरळ सांगा. ताईंना काय खोलीत कोंडून ठेवू? आणि त्यांनी का म्हणून विचारलं तर काय सांगू?" तिनं कप उजेडात धरून पाहिला. "ते घड्याळ देऊन टाका म्हणून मी कधीची कानीकपाळी ओरडतेय. आल्या दिवशी विचारत होत्या मला. मी म्हटलं, त्यांनाच विचारा. तुमच्यासाठी मी खोटं बोलायची नाही, एवढं लक्षात ठेवा."

चिमण टेबल पुसायला बाहेर गेला. 

घड्याळ दादाचं होतं, चिमणच्या थोरल्या भावाचं. जुनं स्विस, ऑटोमॅटिक. किल्ली द्यावी लागत नाही, मनगटावर असलं की हाताच्या हालचालीनं आतलं अर्धगोल वजन फिरतं आणि ते चालत राहतं. तशी ऑटोमॅटिक घड्याळं चिमणकडे कपाटभर होती. पण दादाच्या घड्याळाची तबकडी वेगळी होती. गुळगुळीत नव्हे, विणलेली. म्हणजे धातूच, पण त्यावर उभ्याआडव्या इतक्या बारीक रेघा की पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा कापून काचेखाली बसवलाय असं वाटावं. दादा शिवणकामाच्या दुकानात कापड कापायचा. साऱ्या जन्मात त्यानं स्वतःसाठी हौसेनं घेतलेली ही एकच वस्तू. सिगरेट सोडली, तेच पैसे साठवून हे घेतलं. "बघ, घड्याळातसुद्धा कापडच मिळालं मला," असं येईल त्याला दाखवून सांगायचा.

चिमणला अशा खडबडीत, नक्षीच्या तबकड्यांचं वेड लागलं ते बहुधा त्या घड्याळापासूनच. पण हे त्यानं कधी कबूल केलं नव्हतं. जाणकार माणसाला आपली जाण घरातल्याच एका मनगटावरून आली हे सांगायला कमीपणा वाटतो.

दादा गेला. शेवटी अंथरुणाला खिळला तेव्हा घड्याळ बंद पडू नये म्हणून त्यानं ते वहिनीच्या हातात दिलं. "हातावर असलं की चालतं गं. पेटीत ठेवलंस की मरतं." वहिनीनं ते मनावर घेतलं. तिचं सगळं आयुष्यच नेमावर चाललेलं. पहाटे उठायचं, अंघोळ करायची, डोळे मिटून बसायचं, मग घर झाडायला घ्यायचं. त्या नेमात तिनं हे बसवून टाकलं. झाडताना, पुसताना, कणीक मळताना घड्याळ हातावर. काम संपलं की काढून पदरानं पुसून खिडकीशी ठेवायचं. तिला वेळ बघायची नसायची. ते चालू ठेवायचं, एवढंच.

चिमण एकदा भेटायला गेला तेव्हा तिच्या हातावर त्यानं ते पाहिलं आणि त्याचा जीव खालीवर झाला. कणकेचे हात, आणि त्यात ती तबकडी! "वहिनी, तेल कधी घातलंय ह्याला? झिजेल आतून. दे, मी नीट करून आणतो." तिनं लगेच काढून दिलं. त्याच्याबद्दल शंका घ्यायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

त्यानं तेल घालून घेतलं. घड्याळ चार दिवसांत झालं. मग त्याला वाटलं, आठवडाभर आपल्या हातावर राहू दे. मग वाटलं, हिच्या हातात गेलं की पुन्हा कणीकच. मग वहिनीचा फोन आला तेव्हा तोंडातून निघून गेलं, "एक भाग मिळत नाहीये गं. परदेशातून मागवलाय." तेवढं एक खोटं बोलला आणि पुढची आपोआप येत गेली. भाग कुठल्या कुठे अडकला होता, चुकीचा आला होता, परत पाठवला होता. वहिनी दर वेळी म्हणायची, "असू दे रे. तुझ्या सवडीनं बघ." आणि जराशानं, जणू सहज, "सकाळी हात मोकळा मोकळा वाटतो."

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला ती त्याच्याच घरी आली होती. डॉक्टर त्याच्या ओळखीतले, शिवाय चष्मेवाल्याच्या घरात डोळ्यांची काळजी चांगली घेतली जाईल असं तिचं साधं गणित. घड्याळ ती निजायची त्या खोलीत, तिच्या डोक्यावरच्याच कपाटात होतं.

मंडळी आली. मंडळी म्हणजे तीनच जण. दातांचे डॉक्टर, भारदस्त, दोन्ही हातांनी बोलणारे. छापखानेवाले, ज्यांना प्रत्येक गोष्टीत विनोद सापडायचा. आणि गणिताच्या निवृत्त बाई, ज्यांच्याकडे घड्याळं कमी होती पण एकेक अशी की बाकीच्यांनी मान खाली घालावी.

टेबलावर गडद हिरवं कापड अंथरलं होतं. ह्यांची एक रीत होती. नवं घड्याळ आलं की ते उजवीकडून डावीकडे हातोहात फिरायचं, ज्याच्या हातात असेल त्यानंच बोलायचं, आणि एक फेरी पुरी झाली की मालकानं त्याची 'जन्मकथा' सांगायची. घड्याळ कुठं, कुणाकडे, कसं सापडलं. खरं सांगायचं तर घड्याळापेक्षा जन्मकथेलाच जास्त भाव असे. देणाऱ्याला आपल्या हातात काय आहे ते जितकं कमी कळलेलं, तितकी कथा रंगायची. डॉक्टरांनी एक घड्याळ म्हणे एका पेशंटच्या नातवाच्या खेळण्यांत पाहिलं होतं. छापखानेवाल्यांना एक कोंबड्यांच्या खुराड्यावर टांगलेलं सापडलं होतं. ह्यातलं खरं किती आणि तिखटमीठ किती, कुणी विचारत नसे. सगळ्यांचीच बिंगं तिथं झाकली जात.

दादाचं घड्याळ कापडावर आलं तशी तिघंही टेबलावर वाकली.

"अरे बाप रे," छापखानेवाले म्हणाले. "हे तर शर्टाचं कापड आहे. ह्याला इस्त्री करता की नुसतं वाळत घालता?"

"वीण बघा," गणिताच्या बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. "रेघा कुठं तुटलेल्या नाहीत. पुन्हा रंगवलेलीही नाही. चष्मेवाले, इतके दिवस कुठं लपवलं होतंत हो?"

"चाराच्या आकड्यापाशी डाग आहे मात्र," डॉक्टर म्हणाले. "तिळाएवढा."

"आहे," चिमण म्हणाला. त्याचे कान गरम झाले होते, पण सुखानं. मोठी माणसं वाकून वाकून आपल्या वस्तूकडे बघत असली की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. "तो डागच तर गंमत आहे. ऐका."

आणि त्यानं सांगितलं. चांगलं रंगवून सांगितलं. एक बाई होती म्हणे, अगदी अडाणी, एकटीच राहणारी. चष्मा करायला दुकानात आली. बोलता बोलता म्हणाली, घरी एक जुनं घड्याळ पडलंय, मेलेलं. तो तिच्या घरी गेला. तिनं कोनाड्यातून एक डबा काढला, गोल, झाकणाला पोचा पडलेला, बटणांचा डबा. तो पालथा केला. शर्टाची बटणं, कोटाची बटणं, तुटके हूक, आणि त्यातून हे घरंगळत बाहेर!

"अहाहा!" डॉक्टर म्हणाले.

"मी म्हटलं, बाई, हे काय आहे माहीत आहे का? म्हणाली, 'घड्याळ आहे, पण चावी हरवलीय.'"

छापखानेवाल्यांनी टेबलावर थाप मारली. "चावी! ऑटोमॅटिकची चावी!"

"आणि डाग?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"डाग काय, हातात घालून भांडी घासत असणार. राखेनं घासलं नाही हेच नशीब."

सगळे हसले. चिमणही हसला. हसता हसता त्याची मान दाराकडे वळली.

वहिनी दारात उभी होती. हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे, एका डोळ्यावर काळी झडप. बायको मागं होती, तिचा चेहरा सांगत होता की तिनं थांबवायचा प्रयत्न केला होता. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. पण झाकणाला पोचा पडलेला बटणांचा गोल डबा ह्या जगात एकच होता. तो दादानं दुकानातून आणला होता, आणि वहिनी त्यातूनच चिमणच्या शाळेच्या सदऱ्याला बटणं लावायची. गोष्ट खरी वाटावी म्हणून त्यानं घरचाच डबा घेतला होता. घड्याळ कधी त्यात पडलेलं नव्हतं. क्षणभरसुद्धा नाही.

"या, या, आत या ना," गणिताच्या बाई मोकळेपणानं म्हणाल्या. "ह्यांच्या वहिनी ना तुम्ही? बसा. बघा तरी, तुमच्या दिरानं काय रत्न शोधून काढलंय. घ्या हे भिंग, चांगल्या डोळ्याला लावा."

"वहिनीला त्रास नको," चिमण म्हणाला. आवाज चिरकला.

"कसला त्रास," वहिनी म्हणाली. तिनं ट्रे खाली ठेवला, हात पदराला पुसले, आणि घड्याळ तळहातावर घेतलं. ती काय बघतेय ते चिमणला दिसत होतं. ती वीण बघत नव्हती. ती चारापाशी बघत होती.

तो डाग भांड्यांचा नव्हता. चिमण नोकरीच्या मुलाखतीला निघाला होता, पहिलीच. दादानं त्याच्यासाठी रात्र जागून कोट शिवला आणि सकाळी घाईघाईत ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली. तेव्हा हातावरच्या घड्याळात वाफ गेली. काच धुरकटली ती दोन दिवसांनी निवळली, पण तीळ राहिला. दादा म्हणाला होता, "जाऊ दे. पोराचा कोट तर झाला." हे चिमण विसरला नव्हता. फक्त त्या दुपारी त्याला ते आठवायचं नव्हतं.

वहिनीनं घड्याळ अलगद हिरव्या कापडावर ठेवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "कापडासारखं आहे अगदी." आणि कुणाकडे न बघता आत गेली.

"सोज्ज्वळ बाई," डॉक्टर म्हणाले. "बरं चष्मेवाले, आता कामाचं बोलू." त्यांनी खिशातून एक छोटी पेटी काढून उघडली. "आपल्या बोलण्याप्रमाणे मी आणलंय."

 गेल्याच आठवड्यात फोनवर चिमणनं स्वतःच हा विषय काढला होता. डॉक्टरांकडचं ते घड्याळ, ज्याची तपकिरी तबकडी झाडाच्या सालीसारखी, भेगाभेगांची, बोट फिरवावंसं वाटेल अशी. कित्येक वर्षं तो त्याच्यावर डोळा ठेवून होता. डॉक्टर कशालाच बधत नव्हते. "विणीची तबकडी मिळाली तर विचार करीन," एवढंच म्हणत. आणि तो म्हणाला होता, "आहे माझ्याकडे."

"मी... चहाचं बघून येतो," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात वहिनी ओट्याशी उभी होती. बायको गॅसजवळ, पाठ करून, पण तिचे कान इकडेच होते.

"वहिनी—"

"अगदी ह्यांच्यासारखं आहे रे ते," वहिनी म्हणाली. नेहमीच्या आवाजात, हळू, कपबश्या मांडत. "सारखी असतात का अशी? एकाच्या सारखं दुसरं?"

तिला कळलं होतं. तिला कळलंय हे त्यालाही कळलं होतं. तरी तिनं त्याच्यासाठी वाट करून दिली होती, लहानपणी त्याच्या हातून काही फुटलं की 'मांजर आलं होतं का रे?' म्हणून विचारायची तशी. पंचावन्नी उलटलेला तो माणूस त्या वाटेनं निघाला.

"असतात," तो म्हणाला. "एकाच साच्यातून पुष्कळ काढतात."

"तेच म्हटलं मी."

गॅसजवळ बायकोनं चमचा जरा जोरात ठेवला.

"मग ती दुसरीच बाई," वहिनी म्हणाली.

"हो."

"बरं झालं. मला उगीच..." तिनं साखरेचा डबा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "तिला सांगायचं होतंस रे, काय आहे ते. एकटी राहते म्हणालास ना. कुणाची तरी आठवण असेल ती."

  बायको वळली, त्याच्याकडे बघितलं, आणि तोंडातून अवाक्षर न काढता परत गॅसकडे वळली. आजवर तिनं मारलेला एकही टोमणा त्याला इतका लागला नव्हता.

"चष्मेवाले!" बाहेरून डॉक्टरांचा आवाज आला. "चहा पिकवताय की काय? माझा हात अवघडला!"

तो बाहेर गेला. अदलाबदलीचीही त्यांच्यात रीत होती. दोघांनी एकमेकांचं घड्याळ हातात घालायचं, हस्तांदोलन करायचं, झालं. मग कुणी मागं फिरायचं नाही. डॉक्टरांनी हात पुढं केलाच होता. छापखानेवाल्यांनी सालीचं घड्याळ चिमणच्या मनगटावर चढवलंही. "मुहूर्त चांगला आहे," ते म्हणाले. "वधूवरांनी एकमेकांकडे बघावं!"

चिमणनं खाली बघितलं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली ती तबकडी त्याच्या हातावर होती. सुंदर होती. ज्याला सुंदर म्हणतात तशीच. आणि समोर डॉक्टरांच्या जाड, केसाळ मनगटावर दादाचं घड्याळ बसत होतं. डॉक्टर पट्टा ओढत होते, "जरा घट्ट होतोय" म्हणत होते. त्या हातावर ते इतकं परकं दिसलं की चिमणला एकदम वाटलं, दादाचाच हात कुणीतरी काढून नेतंय.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"ही अदलाबदल व्हायची नाही." तो आपल्या हातावरचं घड्याळ काढू लागला. बक्कल निघेना. "ते माझं नाही."

छापखानेवाले हसले. "मग कुणाचं? त्या चावीवाल्या बाईचं?"

"हो," चिमण म्हणाला. "तिचंच. आता हातात घेऊन बघून गेली ना, ती. माझी वहिनी. ते माझ्या भावाचं घड्याळ. तेल घालायला म्हणून घेतलं आणि दिलंच नाही. डबाबिबा काही नाही. ती रोज घालायची, चालू ठेवायची. चावीचंही मीच जोडलं. भांड्यांचंही."

त्याला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. उलट जे इतका वेळ त्याच्या एकट्याच्या पोटात होतं ते आता टेबलावर पडलं होतं आणि तिघांना त्याच्याकडे बघावं लागत होतं. गणिताच्या बाईंनी भिंग मिटलं. छापखानेवाल्यांनी विनोद न करता चिमणच्या हातावरचं बक्कल सोडवून दिलं.

डॉक्टरांनी दादाचं घड्याळ काढलं. कापडावर ठेवताना फार सांभाळून ठेवलं. "आम्ही हसलो हो," ते म्हणाले. मोठे हात मांडीवर ठेवून बसले. "त्या दारातच होत्या, आणि आम्ही हसलो."

"मी त्यांना भिंग लावून बघा म्हटलं," गणिताच्या बाई म्हणाल्या. "दिरानं शोधून काढलं म्हटलं." त्या उठल्या. आत जाऊन काही बोलावं म्हणून दोन पावलं टाकली, पण दाराशीच थांबल्या. त्या परत फिरल्या आणि चपला घालू लागल्या. चहा कुणी घेतला नाही.

मंडळी गेली तसा चिमण घड्याळ घेऊन वहिनीच्या खोलीत गेला. ती पलंगाच्या कडेला बसली होती, हात मांडीत. त्यानं घड्याळ तिच्यापुढं धरलं. पुष्कळ बोलायचं ठरवून आला होता.

"सांगितलं मी त्यांना सगळं," एवढंच बाहेर पडलं.

"ऐकलं." तिनं घड्याळ घेतलं नाही. "कशाला सांगितलंस?"

"म्हणजे?"

"मी तुला म्हटलं होतं ना, दुसरीच बाई असेल." तिचा आवाज चढला नव्हता. तिचा आवाज कधीच चढत नसे, आणि त्या दुपारी तो चढला असता तर बरं झालं असतं. "तोवर ती कुणीतरी होती रे. कुठली तरी अडाणी, भांडी घासणारी, चावी शोधणारी. लोक हसले तिला. हसू देत. तू उठून सांगितलंस की ती आतच आहे. आता ती मीच झाले ना? त्या बाई माझ्याकडे न बघता गेल्या. आधी किती मोकळ्या बोलत होत्या."

 सगळ्यांसमोर स्वतःला उघडं पाडलं म्हणजे काहीतरी फेडल्यासारखं होईल, असं चिमणनं धरलं होतं. त्यात तिचं काय होईल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. बोलतानाही तो आपल्याच छातीचा विचार करत होता.

"चुकलं," तो म्हणाला. शब्द इतका छोटा होता की त्याचीच त्याला लाज वाटली.

 मग हात पुढं करून तिनं घड्याळ घेतलं, कानाशी नेलं, ऐकलं. उलटंपालटं करून पाहिलं. झडप नसलेला डोळा बारीक झाला.

"पट्टा कुठाय?"

घड्याळावर नवा पट्टा होता, करड्या रंगाचा, बारीक शिवणीचा, तबकडी उठून दिसावी म्हणून चिमणनं मुद्दाम निवडलेला. दादाचा पट्टा जुन्या तपकिरी कातड्याचा होता. दुकानातल्या पडलेल्या तुकड्यातून दादानं स्वतः कापलेला, स्वतः शिवलेला, घामानं काळवंडलेला, टोकाला झिजलेला. पट्ट्याला काही मोल नसतं हे घड्याळं जमवणाऱ्याला इतकं पाठ असतं की तो विचारसुद्धा करत नाही. तेल घालणाऱ्या कारागिरानं विचारलं होतं, "जुना पट्टा देऊ का बांधून?" आणि चिमण तबकडीकडे बघत बघत म्हणाला होता, "टाका तो."

ह्या वेळी त्याला वाट करून द्यायला कुणी नव्हतं. सापडत नाही म्हणता आलं असतं. दुकानात असेल, बघतो म्हणता आलं असतं.

"टाकून दिला," तो म्हणाला. "मीच सांगितलं टाकायला."

वहिनीनं मान हलवली. रडली नाही. बोटानं नव्या पट्ट्याची शिवण चाचपली, एकदा, पुन्हा एकदा. जणू चांगली शिवलीय का ते शिंप्याची बायको म्हणून बघत होती.

"मशीनची आहे," ती म्हणाली.

दारात बायको येऊन उभी राहिली होती. "ताई, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली," ती म्हणाली. चिमणकडे तिनं बघितलं नाही. बाटली हातात होती, ती तिनं त्याच्याकडे दिली नाही. एरवी थेंब तोच घालायचा. हात स्थिर म्हणून.

"घाल तूच," वहिनी धाकट्या जावेला म्हणाली. मग चिमणला, सहज सांगावं तसं, "पुढच्या वेळी तुझी माणसं यायची असली की आधी सांग हं मला. मी वर गच्चीत जाऊन बसेन. नाहीतर तुम्हालाच अवघडायला होतं."

"आता कुणी येणार नाही, वहिनी. बंद करतो मी ते सगळं."

"असं नको करूस," ती म्हणाली, आणि झडप वर करून, मान मागं टाकून डोळा उघडा धरला. "तुझी एवढीच तर हौस आहे. मी बसेन की वर."

थेंब पडला. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, ते औषधाचं होतं. बायकोनं कापसानं टिपलं. चिमण पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, आणि दोघी बायकांपैकी कुणीही त्याला बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.